उंदीर मारून प्रश्न सुटेल का?

पनवेलला पावसाळा नवा नाही. डोंगरात जोराचा पाऊस झाला की गाढी नदी फुगते, काठच्या वस्त्यांत पाणी शिरते, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर ते पाणी उतरता उतरत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात अशाच एका दुपारी आमचे महाविद्यालय लवकर सोडून देण्यात आले. फाटकापुढे गुडघाभर पाणी होते. अकरावीतला एक मुलगा पायरीवर उभा राहून आपल्या नव्या चपलांकडे काळजीने पाहत होता. मी त्याला म्हणालो, "अरे, चपला काढून हातात घे. पाण्यात गेल्या तर सापडायच्या नाहीत." मी स्वतःही बूट काढून पिशवीत टाकले आणि आम्ही दोघे अनवाणीच उरण नाक्यापर्यंत चालत गेलो.

दहा-बारा दिवसांनी तो मुलगा वर्गात दिसेनासा झाला. ताप आला होता. पावसाळ्यात ताप यायचाच, असे म्हणून घरच्यांनी चार दिवस गोळ्यांवर काढले. डोके दुखत होते, डोळे लाल झाले होते आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की त्याला जिना उतरवेना. पुढे डोळ्यांवर पिवळी झाक आली, लघवी कमी झाली, आणि मग धावपळ करून त्याला मुंबईच्या रुग्णालयात न्यावे लागले. मूत्रपिंडे काम करीत नव्हती. काही दिवस डायलिसिसवर काढल्यानंतर तो वाचला. रोगाचे नाव होते लेप्टोस्पायरोसिस. दीड महिन्याने तो परत आला तेव्हा ओळखू येत नव्हता, पण थट्टेची सवय गेलेली नव्हती. मला म्हणाला, "सर, चपला मात्र वाचल्या."

त्या नव्या चपला त्याच्या टाचेला लागल्या होत्या. टाचेवरचा फोड फुटून कातडी सोलली होती. माझ्या पायांना त्या दिवशी जखम नव्हती. आम्हां दोघांत फरक होता तो एवढाच. मी भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर. पाण्याची घनता, श्यानता, पृष्ठताण हे सारे मला तोंडपाठ. त्या पाण्यात आणखी काय असू शकते ह्याचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. गेली काही वर्षे मी ह्या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे आणि त्यातून माझे एक मत बनले आहे. ते तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

पुढच्या वर्षापासून मी वर्गात एक प्रश्न विचारू लागलो : उंदरांमुळे होणारे रोग टाळण्यासाठी काय करावे? बहुतेक उत्तरे एकाच साच्याची येतात. "उंदरांचा नायनाट करावा." उत्तर खणखणीत आहे. परीक्षेत त्याला गुणही मिळतील. माझ्या मते ते चुकीचे आहे. निदान अर्ध्याहून अधिक चुकीचे आहे.

आधी ह्या लेप्टोस्पायराची ओळख करून घेऊ. हा मळसूत्रासारखा पिळदार जीवाणू आहे. त्याची लांबी ६ ते २० मायक्रॉन, पण जाडी मात्र सुमारे ०.१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, आणि त्यामुळे चांगल्यातल्या चांगल्या साध्या सूक्ष्मदर्शकालाही सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील वेगळा करून दाखवता येत नाही. मग हा जीवाणू पाहावयाचा कसा? दुपारी कौलांच्या फटीतून घरात कवडसा येतो तेव्हा त्यात धुळीचे कण चमकताना तुम्ही पाहिले आहेत. तो कण एरवी दिसत नाही. काळोखाच्या पार्श्वभूमीवर त्याने विखुरलेला प्रकाश तेवढा डोळ्यांपर्यंत येतो, म्हणून तो दिसतो. सूक्ष्मदर्शकातही हीच युक्ती वापरतात. दिव्याचा सरळ प्रकाश भिंगात शिरू द्यायचा नाही. वस्तूवरून विखुरलेला तेवढाच येऊ द्यायचा. मग काळ्या पटावर चांदीच्या तारेसारखे वळवळणारे लेप्टोस्पायरा दिसू लागतात. त्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. १९०७ साली स्टिम्सन ह्या अमेरिकन डॉक्टरला एका मृत रोग्याच्या मूत्रपिंडात ते दिसले तेव्हा त्यांचा आकार प्रश्नचिन्हासारखा वाटला आणि त्याने त्यांना तसेच नाव दिले. 'इंटेरोगन्स' हे त्यांचे लॅटिन नाव आजही चालू आहे. रोगाचे वर्णन त्याआधीच, १८८६ साली, जर्मनीत आडोल्फ वाइल ह्यांनी केले होते. आणि हा जीवाणूच त्या रोगाचे कारण आहे हे १९१५ साली जपानमध्ये इनादा आणि इदो ह्यांनी दाखवून दिले.

आता उंदराकडे वळू. उंदराच्या मूत्रपिंडातील बारीक नलिकांत हे जीवाणू वस्ती करतात. गंमत अशी की उंदीर त्यामुळे आजारी पडत नाही. तो खातो, पितो, पळतो, पिल्ले घालतो आणि लघवीवाटे जीवाणू बाहेर टाकत राहतो, बहुधा जन्मभर. (कुत्री, गाईगुरे, डुकरे हीसुद्धा हा जीवाणू बाळगू शकतात, सगळा दोष उंदराच्याच माथी मारणे बरे नव्हे.) कोरड्या, तापलेल्या फरशीवर पडला तर हा जीवाणू लवकर मरतो. पण उबदार ओल्या चिखलात किंवा साचलेल्या गोड्या पाण्यात तो कित्येक दिवस, कधी काही आठवडेही जगतो. तेथून तो आपल्या शरीरात शिरतो तो कातडीवरच्या ओरखड्यातून, भेगेतून, किंवा डोळ्यांच्या, नाकातोंडाच्या मऊ त्वचेतून. म्हणूनच कोकणात भातलावणीला चिखलात उभ्या राहणाऱ्यांना आणि शहरात गटारे साफ करणाऱ्या कामगारांना त्याचा धोका सर्वांत जास्त. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या महापुराच्या पाण्यातून लाखो माणसे चालत घरी गेली. पुढच्या ऑगस्ट महिन्यात मुंबईची रुग्णालये लेप्टोच्या रोग्यांनी भरू लागली. त्या माणसांपैकी कितींच्या अंगाला उंदराचा स्पर्श झाला असेल? जवळजवळ कोणाच्याच नाही.

माझ्या मताचे बीज येथे आहे. उंदीर आणि माणूस ह्यांच्यामध्ये नेहमी तिसरे काहीतरी असते. लेप्टोमध्ये ते पाणी आहे. प्लेगमध्ये ती पिसू आहे. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात ज्याची साथ आली त्या स्क्रब टायफसमध्ये गवता-झुडपांत राहणारा आणि उंदरांच्या अंगावर पोसला जाणारा एक चिमुकला माइट आहे, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका. आपण मात्र साखळीच्या पहिल्या कडीवर काठी आपटत बसतो, कारण ती डोळ्यांना दिसते.

प्लेगची हकीकत ह्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे पहिले निदान केले. मांडवी म्हणजे बंदराजवळचा, धान्याच्या वखारींचा भाग. प्लेगचा जीवाणू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिनने शोधला होता. पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मग जे सुचेल ते करण्यात आले. घरे धुतली, भिंतींना चुना फासला, गटारांत कार्बॉलिक ॲसिड ओतले, रोग्यांना घरांतून ओढून नेले, सामानाच्या होळ्या केल्या. पुण्यात ह्या घरझडत्यांनी लोक किती संतापले आणि त्यातून २२ जून १८९७ रोजी काय घडले, ते तुम्ही इतिहासाच्या तासाला शिकला आहात. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले ह्यांचे प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने निधन झाले. इकडे मुंबईत हाफकिन ह्यांनी काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. एवढे सगळे होत असता पिसवेकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

खेड्यांतल्या लोकांना मात्र एक गोष्ट समजली होती. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी ह्या रोगाला 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले होते. खेडुतांना ते नाव ठाऊक नसेल, पण मेलेला उंदीर म्हणजे काय हे ठाऊक होते. तुमच्या पणजोबांच्या-खापरपणजोबांच्या आठवणी घरात कोणी जपल्या असतील तर विचारून पाहा. माळावरच्या त्या झोपड्यांच्या गोष्टी अजूनही ऐकायला मिळतात.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे पॉल-लुई सिमाँ हे तेव्हा हिंदुस्थानात आले होते. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. त्याच बरणीत, पण जाळीच्या पिंजऱ्यात, एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. आजारी उंदीर मेला. त्याचे अंग थंड पडले तशा पिसवा त्याला सोडून निघाल्या आणि जाळीतून उड्या मारून दुसऱ्याकडे गेल्या. काही दिवसांनी तोही प्लेगने मेला. इतका स्पष्ट प्रयोग! तरी सरकारी प्लेग कमिशनने ही कल्पना जवळजवळ उडवून लावली. पुढे मुंबईत लिस्टन आणि नव्या संशोधन आयोगाने १९०५ नंतर गिनीपिगांवर कितीतरी प्रयोग केले. त्यांतला मला आवडणारा प्रयोग अगदी भौतिकशास्त्राचा आहे. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागी काही पिंजरे जमिनीलगत ठेवले आणि काही पिसवेच्या उडीच्या टप्प्यापलीकडे उंच टांगले. खोली तीच, हवा तीच. खालचे प्राणी मेले, वरचे वाचले. रोग हवेत नव्हता, तो उडीच्या उंचीत होता. ह्या वादात गेलेली वर्षे फुकट गेली नाहीत असे म्हणवत नाही, कारण १८९६ नंतरच्या सुमारे पंचवीस वर्षांत ह्या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मारली.

आता सिमाँच्या बरणीकडे पुन्हा पाहा. पिसू उंदराला केव्हा सोडते? तो मेल्यावर. मग प्लेगच्या वस्तीत जाऊन आपण भराभर उंदीर मारले तर काय होईल? हजारो भुकेल्या पिसवा नवे ऊबदार अंग शोधत निघतील, आणि जवळात जवळचे अंग आपलेच असेल. म्हणून प्लेगच्या बाबतीत आज जगभर नियम आहे की आधी पिसवांचा बंदोबस्त करायचा आणि मग उंदरांना हात घालायचा. 'नायनाट करावा' असे लिहिणाऱ्याला हा क्रम सुचलेला नसतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एक टाकी घ्या. वरून नळ चालू आहे आणि तळाला एक छिद्र आहे. काही वेळाने पाणी एका पातळीवर स्थिर होते. येणारे आणि जाणारे पाणी तेथे सारखे असते. आता बादलीने निम्मे पाणी उपसून टाका. पातळी खाली गेल्यामुळे छिद्रावरचा दाब कमी होतो, गळती मंदावते आणि पाणी पुन्हा चढत चढत पूर्वीच्याच पातळीवर येऊन थांबते. तुम्ही दमता, टाकी दमत नाही. पातळी खरोखर कमी करायची असेल तर नळ आवळावा लागतो. नळ निम्मा आवळला तर पातळी निम्मी नव्हे, टॉरिचेलीच्या नियमाने चतुर्थांश होते. उंदीर टॉरिचेलीचा नियम पाळतात असे मी म्हणत नाही. पण नळ कोणता आणि बादली कोणती, हे त्यांच्या बाबतीतही तितकेच स्पष्ट आहे. उंदराची मादी तीन आठवड्यांत पिल्ले देते, एका वेळी सहा-आठ किंवा अधिक, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वयात येतात. गल्लीत शंभर उंदरांपुरते अन्न आणि बिळे असतील तर तेथे शंभरच्या आसपास उंदीर राहतात. पन्नास मारले तर उरलेल्या पन्नासांना दुप्पट खायला मिळते, पिल्ले अधिक जगतात, शेजारच्या गल्लीतूनही पाहुणे येतात. १९४० च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वस्त्यांमधून मोजून पाहिले. मारून कमी केलेले उंदीर पुन्हा पूर्वीच्या संख्येवर आले. कचरा आणि लपण्याच्या जागा कमी केल्या तेथे संख्या उतरली आणि उतरलेलीच राहिली.

तिसरी गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात संशोधकांनी काही वस्त्यांमधले उंदीर पकडून मारले आणि मागे उरलेल्यांची तपासणी केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की मागे उरलेल्या उंदरांच्या अंगी लेप्टोस्पायरा असण्याची शक्यता कमी झाली नाही, उलट वाढली. संशोधकांचा तर्क असा की उंदरांची कुटुंबे मोडली, सीमा विस्कटल्या, त्यांचा एकमेकांशी संबंध बदलला आणि त्याबरोबर जीवाणूही फिरले. एका शहरातल्या प्रयोगावरून सगळ्या जगाचा नियम बांधू नये, हे खरे. पण आपण ज्याला उपाय समजतो त्याने रोग वाढूही शकतो, एवढे तरी त्यातून निश्चित दिसते.

तरीही उंदीर मारण्याचे आकडे आपल्याला फार आवडतात. १९०२ साली हनोई शहरात फ्रेंच सरकारने शेपटीमागे बक्षीस लावले. शेपट्यांचे ढीग जमू लागले, आणि काही दिवसांनी शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे त्याने आणखी शेपट्या जन्माला घालाव्यात! गावाबाहेर तर उंदरांची पैदास सुरू झाली होती. आपल्याकडेही मुंबई महापालिकेच्या मूषक संहारकांना रात्रीला ३० उंदरांचे उद्दिष्ट असल्याचे वर्तमानपत्रांतून वाचायला मिळाले आहे. काठी आणि विजेरी घेऊन अंधाऱ्या गल्ल्यांत फिरणाऱ्या त्या माणसांविषयी मला आदर आहे. त्यांच्याइतके धोक्याचे काम आपण कोणी करीत नाही. प्रश्न त्यांच्या कष्टांचा नाही, आकड्याचा आहे. मार्च २०१८ मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे ह्यांनी मंत्रालयातील उंदरांचा हिशेब मांडला : सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर. भागाकार केला तर मिनिटाला सुमारे ३२ उंदीर होतात. सभागृह हसले, महाराष्ट्रही हसला. नंतर खुलासा झाला की तो आकडा उंदरांचा नव्हता, विषारी गोळ्यांचा होता. मी तो आकडा दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहितो, कारण उत्तरापुढे एकक का लिहायचे हे समजावण्यासाठी त्याहून चांगले उदाहरण मला मिळालेले नाही. पण समजा, ते खरोखरच उंदीर असते. तरी त्यावरून मागे किती उरले ते कळले असते का? बादल्या मोजून टाकीतले पाणी कळत नाही.

मग मोजायचे काय? रात्री दहानंतर आपल्या बाजारपेठेतून एक फेरी मारा. पनवेल हे जुने पेठेचे गाव. येथे भाताचा व्यापार चाले, गाड्यांची वर्दळ असे; नगरपालिका १८५२ सालची, महापालिका झाली ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी. आता भोवताली मोठाल्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. मंडई बंद झाल्यावर पडलेला भाजीपाला, चायनीजच्या आणि वडापावच्या गाड्यांमागे ओतलेले खरकटे, सकाळच्या घंटागाडीची वाट पाहत रात्रभर उघड्या पडलेल्या ओल्या कचऱ्याच्या पिशव्या, झाकण गेलेली गटारे. हा आपला नळ. तो आपण रोज रात्री चालू करतो आणि सकाळी उंदरांच्या नावाने बोटे मोडतो. बाप्पाच्या पायाशी त्याच्यासाठी मोदक ठेवणारे आपण एरवीही त्याला उपाशी ठेवीत नाही.

नळ आवळता येतो ह्याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीडजवळच्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा. मी तेव्हा शाळेत होतो. नाकाला रुमाल बांधून हिंडणारी माणसे आणि औषधांच्या दुकानांतून नाहीशी झालेली टेट्रासायक्लिनची पाकिटे मला आठवतात. सुरतेतून लाखो माणसे पळाली. त्यांत कापड गिरण्यांत काम करणारी आपल्या खानदेशातील कितीतरी कुटुंबे होती. पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्याआधी तापीला पूर येऊन गेला होता आणि शहरात कचऱ्याचे ढीग सडत होते. १९९५ साली एस. आर. राव हे तेथे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना सकाळी कचेरीऐवजी रस्त्यावर पाठवले, कचरा रोजच्या रोज उचलला जाईल अशी व्यवस्था बसवली, अस्वच्छ उपाहारगृहांवर कारवाई केली. दोन वर्षांत सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळवला. तिसरा क्रमांक होता नवी मुंबईचा, म्हणजे आपल्या वेशीला लागून असलेल्या शहराचा. तेव्हा हे पनवेलला जमणार नाही असे मला कोणी सांगू नये.

जीवशास्त्र शिकवणारे माझे एक सहकारी म्हणतात, "म्हणजे उंदीर तसेच सोडून द्यायचे का?" नाही. धान्याच्या वखारीत, रुग्णालयात, स्वयंपाकघरात उंदीर चालणार नाही. तेथे पिंजरा लावावाच लागेल. विषाबद्दल मात्र मी कडक आहे. पिवळ्या फॉस्फरसचे उंदीरमार मलम घरात ठेवू नये, कारण ते मुलांच्या पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. आणि विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा धामणीने खाल्ला तर तेही मरतात, म्हणजे आपण फुकटचे शिकारी गमावतो. पण हे सारे दुय्यम. महापालिकेने वर्षाच्या शेवटी किती उंदीर मारले हे सांगू नये. रात्री अकरा वाजता किती ठिकाणी उघडा ओला कचरा सापडला आणि किती गटारांना झाकण नव्हते, तो आकडा सांगावा. आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की 'नायनाट करावा' ह्या उत्तरापुढे आकड्यासारखे वळलेले एक प्रश्नचिन्ह काढावे.

पुराच्या पाण्याबद्दल दोन शब्द. त्या पाण्यात उतरणे टाळता येत नसेल तर चपला-बूट पायांतच राहू द्या. गेले तर जाऊ द्या. पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊच नका. घरी आल्यावर साबणाने पाय धुवा, कोरडे करा. पाण्यातून चालल्यावर रोगप्रतिबंधक औषध घ्यावे का, हे डॉक्टरांना दोन दिवसांच्या आत विचारा. स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नका. पुढे महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, "मी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो." हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर हा रोग बहुधा बरा होतो. आमच्या मुलाच्या घरच्यांनी चार दिवस ते वाक्य उच्चारले नव्हते, कारण त्याचे महत्त्व त्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

शेवटी एक प्रयोग सुचवतो, शाळेत करण्यासारखा. उंदीर मोकळ्या जागेतून सहसा जात नाही. मिशा भिंतीला लावून कडेकडेने जातो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर खडूची भुकटी पातळ पसरा आणि संध्याकाळी तो भिंतीच्या कडेला ठेवा. एक पुठ्ठा कचऱ्याच्या जागेजवळ, एक स्वच्छ कोपऱ्यात. सकाळी भिंगातून पावलांचे ठसे पाहा आणि वहीत टिपा. उंदराला, त्याच्या लेंड्यांना हात लावायचा नाही. हातमोजे घाला आणि काम झाल्यावर हात धुवा. आठवडाभराने कचरापेटीला घट्ट झाकण बसवा आणि पुन्हा आठवडाभर पुठ्ठे ठेवा. किती रात्री ठसे सापडले ते आधीचे आणि नंतरचे असे शेजारी शेजारी मांडा. मेलेल्या उंदरांच्या आकड्यापेक्षा हा आकडा मला जास्त विश्वासाचा वाटतो. आमच्या वर्गाने हा प्रयोग सुरू केला तेव्हा पहिल्या तीन पुठ्ठ्यांवर मिळाले ते मांजराचे ठसे, आणि चौथ्यावर रात्रपाळीच्या रखवालदाराच्या चपलेचा.